गावकरी, गावकार आणि गावकारी

प्रश्न : आपण 'गावकरी' म्हणतो तेव्हा गावात राहणारा कुणीही त्यात येतो. गोव्यात मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसाबद्दलही 'तो इथला गावकार नव्हे' असं म्हणतात. मग गावकार कोण? आणि 'जोण' म्हणजे काय?

उत्तर : गावकार म्हणजे गाव वसवणाऱ्या मूळ घराण्यांचा वंशज, सामाईक जमिनीचा हिस्सेदार. अशा गावकारांच्या मंडळाला गावकारी म्हणत. शेतं लिलावाने कसायला जात. त्या उत्पन्नातून सारा भरायचा, बांध आणि मानशी (पाणी अडवणारी-सोडणारी दारं) दुरुस्त करायच्या, देवळाचा खर्च भागवायचा. उरेल ते गावकारांत वाटायचं, तो वाटा म्हणजे जोण. शेत आणि देव एकाच हिशेबात होते, आणि सगळी गोष्ट इथे आहे.

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा, म्हणजे तेव्हा तिसवाडी बेट, घेतला, पण गावकारी मोडली नाही, कारण सारा तिच्याकडूनच यायचा. १५२६ मध्ये तिचे रिवाज लिहून काढले ते आफोंसो मेशियाने. तो पाद्री नव्हता, खजिन्याचा अधिकारी होता! पुढे १५४० च्या सुमारास तिसवाडीतली देवळं पाडली, तेव्हाही गावकारी राहिली. देवळांच्या जमिनींचं उत्पन्न मात्र ख्रिस्ती धर्मकार्याकडे वळवलं. गावकारीचं पोर्तुगीज नाव पडलं कोमुनिदाद. धर्मांतर 'श्रद्धेने की लोभाने' हा वाद मला म्हणूनच अपुरा वाटतो. देव सोडायचा की जमीन, असा पेच ज्यांच्यापुढे आला त्यांना या दोन गोष्टी कधी वेगळ्या ठाऊकच नव्हत्या.

प्रश्न : मग देवळांचे 'महाजन' कोण?

उत्तर : तीच घराणी, पण देवाच्या बाजूने, म्हणजे देवळाचे हक्कदार म्हणून. देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा त्यांनी देव हलवले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला गेला, शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला. दोन्ही ठिकाणं अंत्रूज महालात (आजचा फोंडा तालुका), तेव्हा पोर्तुगीज हद्दीबाहेर. देऊळ एका गावात, मूळ शेतं दुसऱ्या गावात, अशी फाळणी झाली. महाजनांच्या मंडळांसाठी सरकारने १८८६ साली वेगळे नियम केले. त्यांतला 'माझनिया' हा शब्द महाजनवरूनच आला.

आणखी एक : कुंकळ्ळीची शांतादुर्गा फातर्प्याला नेली. दरवर्षी छत्र्यांच्या उत्सवात ती कुंकळ्ळीत येते. छत्र्या बारा, गावकारांच्या बारा वांगडांच्या (कुळांच्या), आणि त्यांत ख्रिस्ती गावकारही सामील होतात. म्हणून गोव्याविषयी लिहिताना 'गावकार'चं 'ग्रामस्थ' करू नका.