देवळाच्या कठड्यावरचे खळगे नेमके कशाचे?

रानजाई
नमस्कार मंडळी. आमचं गाव जुन्नर तालुक्यात. गावाबाहेर काळ्या दगडाचं जुनं महादेवाचं देऊळ आहे, यादवांच्या काळातलं म्हणतात. सभामंडपात शिरलं की डाव्या हाताला बसायचा दगडी कठडा आहे, त्यावर गोल खळगे कोरलेत. दोन ओळी, प्रत्येकीत सात. एकेक खळगा लिंबू बसेल एवढा, आतून अगदी गुळगुळीत. शेजारीच पाच बाय पाच घरांची चौकट आहे आणि काही घरांत फुल्या. ती मात्र ओबडधोबड, कोणी टोकदार दगडाने ओरखडल्यासारखी.

गावात विचारलं तर सगळ्यांचं एकच उत्तर: पांडव एका रात्रीत देऊळ बांधून गेले, या त्यांच्या जेवणाच्या वाट्या. पाच जणांना चौदा वाट्या कशाला, तर काकू म्हणाल्या, "भीम होता ना त्यांच्यात!"

घाई अशासाठी की जीर्णोद्धाराची चर्चा चाललीय आणि कठड्यावर ग्रॅनाइट बसवायचं घाटतंय. त्याआधी हे काय आहे ते कळलं तर बरं.

दिवेलागण
पणत्यांची जागा असेल. त्रिपुरी पौर्णिमेला लावत असतील.

घाटवाट
पणत्या नव्हेत. दिवे लावायला दीपमाळ असते, कोनाडे असतात. बसायच्या जागी पणत्या लावल्या तर धोतरं पेटायची.

ताई, तुमच्या कठड्यावर दोन खेळ आहेत. सात-सात खळग्यांचा तो मंकला जातीचा पट, म्हणजे खळग्यांत एकेक बी टाकत दोघांनी खेळायचा. तमिळ मुलखात पल्लांगुळी, कर्नाटकात अळीगुळी मणे, तेलुगूत वामनगुंटलू म्हणतात तोच. आणि फुल्यांची चौकट म्हणजे आपलं चल्लस, कवड्या टाकून सोंगट्या चालवायच्या तो खेळ. चारी बाजूंच्या मधल्या घरांत आणि बरोबर मधोमध अशा पाच फुल्या आहेत का बघा. असतील तर शंकाच नको.

माझी नोकरी मोजणी खात्यात गेली, त्यामुळे टेप अजून खिशात असतो आणि देवळात गेलं की देवाआधी फरशी बघायची खोड आहे (बायको यावरून बोलते ते वेगळं). अशा पटांची सवय झाली की ते जिथे तिथे दिसायला लागतात. नाणेघाटात आहेत, नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत आहेत, हंपीला तर जागोजाग.

पण खळगा दिसला की लगेच खेळ म्हणू नये. किल्ल्यांवर कातळात खांब रोवायला भोकं पाडलेली असतात. ती खोल, उभ्या कडांची, आणि दोन भोकांत हात-दोन हात अंतर. कुटायचं उखळ एकटं असतं, फार तर दुसरं जवळ. मंकलाचे खळगे उथळ, तळाला गोलसर, बोटं घालून बिया उचलता येतील असे, आणि एकमेकांना चिकटून. मुख्य म्हणजे दोन माणसं समोरासमोर मांडी घालून बसतील एवढी जागा दोन्ही बाजूंना लागते. तुमच्या कठड्यावर तशी आहे का?

सार्थवाह
जबरदस्त शोध! सातवाहनांचा नाणेघाट तुमच्या तालुक्यातलाच. म्हणजे हा पट सातवाहनकालीन, 2000 वर्षांपूर्वीचा. मंकला आफ्रिकेत घरोघरी खेळतात, तेव्हा समुद्रमार्गे आलेल्या व्यापाऱ्यांनीच आणलेला. वर्तमानपत्राला कळवा.

घाटवाट
सार्थवाह, जरा दमानं. देऊळ यादवांचं आणि त्याच्या कठड्यावरचा पट सातवाहनांचा, हे कसं काय बुवा? पट कठड्याआधी कोरला गेला असता तर गोष्ट वेगळी. तसंही होतं कधीकधी: पट उभ्या भिंतीत किंवा छताजवळच्या दगडावर दिसतो, मग समजायचं की दगड आधी खाली होता आणि नंतर तिथे चढवला. इथे तो बसायच्या जागीच आहे, म्हणजे देऊळ उभं राहिल्यावर कधीही कोरलेला असू शकतो. यादवांच्या काळात, पेशवाईत, किंवा आजोबांच्या लहानपणी गुरं चारायला आलेल्या पोरांनी. दगडाचं वय वेगळं, त्यावरच्या रेघेचं वेगळं. त्यात ताईंचे खळगे गुळगुळीत आहेत आणि चौकट ओबडधोबड, म्हणजे दोन्ही एकाच हातचे असतील असंही वाटत नाही.

नाणेघाटात हे पट का, याचं उत्तर मला जास्त पटतं. कल्याणच्या बाजूने माल चढायचा, जकात भरायची, बैल दमलेले. तिथे माणसांना थांबावंच लागायचं. राखणदार, हमाल, तांडेवाले, ज्याच्या हाताला काम नाही तो दगड कोरत बसणार. देवळाच्या ओसरीवर दुपारी हेच. राजेरजवाडे सारीपाट कापडावर खेळत, त्यांना कठडा खरवडायची गरज नव्हती.

घडशी_उडुपी
लग्नानंतर उडुपीत आले, तेव्हा सासरी हा पट लाकडाचा पाहिला. तुळूत चेन्नेमणे. आषाढ सरता सरता इकडे आटी महिना लागतो, पाऊस असा की शेतात जाता येत नाही, तेव्हाच हा पट माडीवरून खाली येतो. चौदा घरं, प्रत्येक घरात चार बिया, एकूण 56. आमच्याकडे रतनगुंजेच्या लाल बिया.

आपल्या ओळीतलं एक घर उचलायचं, पुढच्या घरांत एकेक बी टाकत जायचं. हातातल्या संपल्या की पुढचं घर उचलून तसंच पुढे. पुढचं घर रिकामं निघालं की थांबायचं आणि त्या रिकाम्याच्या पलीकडच्या घरातल्या बिया आपल्या. घरोघरी नियम थोडे बदलतात आणि त्यावरून भांडणंही होतात. माझ्या सासूबाई बिया मोजत नाहीत, घराकडे नुसतं बघतात आणि डाव कुठे संपणार ते सांगतात. मला अजून जमत नाही.

रानजाई
घाटवाट काका, आज जाऊन बघितलं. फुल्या पाचच आहेत, तुम्ही सांगितल्या तिथेच. कठडा रुंद आहे, दोघं आरामात बसतात. फोटो काढले पण खळगे दिसतच नाहीत, सगळं सपाट येतं. खडूने रंगवू का?

घाटवाट
खडू नको, तेल नको, रंग तर मुळीच नको. सकाळी लवकर किंवा ऊन उतरताना जा, तिरप्या उन्हात सावली खळग्यात पडते आणि सगळं उठून दिसतं. मंडपात ऊन येत नसेल तर अंधार पडल्यावर टॉर्च दगडालगत आडवा धरा. शेजारी पट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. एक फोटो लांबून घ्या, कठडा आणि खांब दोन्ही येतील असा. हे फोटो घेऊनच कमिटीपुढे जा. आणि देऊळ संरक्षित यादीत आहे का ते पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात विचारा. असेल तर परवानगीशिवाय ग्रॅनाइट लावताच येणार नाही, भांडायची वेळच यायची नाही.

रानजाई
रविवारी मीटिंग आहे, फोटो छापून नेते. काकूंना पटवणं अवघड आहे, पण खेळून दाखवलं तर ऐकतील. रतनगुंज कुठून आणू? घरात चिंचोके भरपूर आहेत, ते फोडून ठेवलेत.

घडशी_उडुपी
फोडलेले चल्लससाठी ठेव, कवड्यांऐवजी चालतात. या पटाला अख्खे लागतात, आणि मोजून 56 घे.