बकरॅकची गाणी ऐकायची तर डिओन वॉरविकचीच, असं माझं मत. तुमचं?

फ्लूगलहॉर्न :
गेला महिनाभर अमेरिकन संगीतकार बर्ट बकरॅकच्या गाण्यांची पारायणं चालली आहेत. एकेका गाण्याची दहा-दहा रेकॉर्डिंग्ज सापडतात, म्हणून धागा काढतोय. प्रत्येकाने आपलं आवडतं सांगा. माझं आधीच सांगून टाकतो. बकरॅकची चाल आणि हॅल डेव्हिडचे शब्द असतील, तर ते गाणं गायिका डिओन वॉरविकचं. बाकीच्यांनी गायलं, चांगलंही गायलं, पण ते पाहुणे.

१९६१मध्ये ड्रिफ्टर्स या गायकसंघाच्या एका रेकॉर्डिंगला ती मागच्या कोरसमध्ये होती, तिथे बकरॅकने तिला हेरलं. पुढची दहा वर्षं तो तिच्या गळ्याच्या मापाने चाली बांधत होता. 'एनीवन हू हॅड अ हार्ट' घ्या. चार मात्रा, मग पाच, मधेच सातचा तुकडा. ती गाते तेव्हा यातलं काहीच मोजलेलं वाटत नाही. बोलता बोलता माणसाचा श्वास अडावा, तशी ओळ लांबते नि तुटते. इंग्लंडमध्ये १९६४ साली हेच गाणं सिला ब्लॅकच्या आवाजात पहिल्या क्रमांकावर गेलं आणि डिओनचं मागे पडलं, याची मला आजही चुटपुट लागते.

संथलय :
अजिबात मान्य नाही. 'आय से अ लिटल प्रेअर' दोघींचं एकापाठोपाठ ऐका, डिओनचं आणि अरीथा फ्रँकलिनचं. मग बोलू.

डिओनचं १९६६मध्ये रेकॉर्ड झालं आणि बाहेर आलं १९६७मध्ये, कारण बकरॅकलाच ते आवडलं नव्हतं. लय फार जलद घेतली असं त्याचं म्हणणं. अरीथाने १९६८मध्ये गायलं, आणि तिचं जास्त चांगलं झालं हे त्याने स्वतः कितीदा तरी सांगितलंय. अल्बमची तालीम चालू असताना ती आणि तिच्या मागे गाणाऱ्या स्वीट इन्स्पिरेशन्स सहज गुणगुणायला लागल्या, त्यातून हे उभं राहिलं. ते ऐकू येतं. मुखडा त्या बायका गातात आणि अरीथा वरून उत्तर देते. प्रार्थना करणारी एकटी राहत नाही, तिच्या बाजूने आणखी चारजणी उभ्या आहेत असं वाटतं. संगीतकारच जर म्हणतोय, तर आपण कोण?

फ्लूगलहॉर्न :
संगीतकाराचं आपल्या गाण्याबद्दलचं मत शेवटचं का मानायचं? मला तर तो इथे साफ चुकला असं वाटतं.

गाण्यातली बाई सकाळी उठते, आवरते, धावत बस पकडते, कामाला जाते. व्हिएतनामला गेलेल्या सैनिकाची वाट बघणारी बाई डेव्हिडच्या मनात होती. ती निवांत बसून प्रार्थना करत नाहीये, दिवसाच्या धबडग्यात चोरून करतेय. डिओनच्या रेकॉर्डमधली घाई त्या बाईची आहे. आणि मुखडा मोजून बघा : चार, तीन, चार. अकरा मात्रा. चौथी मात्रा यायला हवी तिथे पुढचा शब्द येऊन ठेपतो. जलद लयीत तो झटका काळजात बसतो. अरीथाचं ऐकताना मला आधार वाटतो, हे खरं. पण ज्याचा माणूस युद्धावर आहे त्याला आधार वाटत नसतो, धाकधूक वाटत असते.

बासरी_नव्हे_बासून :
बस पकडण्याचा मुद्दा पटला. इतकी वर्षं ऐकतेय, कधी लक्षातच आलं नव्हतं. तरी रात्री ऐकायला मी अरीथाच लावणार.

तबकडी :
मी आयझॅक हेजचं 'वॉक ऑन बाय' मांडतो. १९६९, 'हॉट बटर्ड सोल'. अख्ख्या अल्बममध्ये चार गाणी, त्यात हे बारा मिनिटांचं. डिओनचं तीन मिनिटांच्या आत आटोपतं.

सुरुवातीला तो कितीतरी वेळ गातच नाही. तंतुवाद्यांची लाट येते, वर गिटार करवतीसारखं कापत जातं, आणि मग तो खालच्या पट्टीत, जवळजवळ बोलल्यासारखा सुरू करतो. शेवटची काही मिनिटं तर ऑर्गन आणि गिटार यांचा नुसता कल्लोळ. मूळ गाणं त्याने मोडलं हे कबूल. पण चाल इतकी भक्कम आहे की मोडूनही ओळखू येते. बकरॅकचं मोठेपण मला तिथे जास्त कळतं. एकाच गळ्यात शोभणारी चाल मोठी कशी म्हणायची?

फ्लूगलहॉर्न :
तबकडी, तुमचा शेवटचा प्रश्न मला निरुत्तर करणारा आहे, हे मोकळेपणाने सांगतो. पण या गाण्यापुरतं ऐका.

'वॉक ऑन बाय'मधली बाई काय म्हणते? मी रस्त्यात रडताना दिसले तर न थांबता पुढे जा. अब्रू राखायची धडपड आहे ती. डिओनच्या रेकॉर्डवर गिटारचा तो कोरडा, तुटक ठोका, ओळ संपली की ट्रंपेटचे मोजके सूर, आणि तिचा आवाज कुठेही फुटत नाही. फुटेल असं वाटत राहतं, फुटत नाही. बारा मिनिटं टाहो फोडला तर 'पुढे जा' म्हणण्यात काय राहिलं?

तबकडी :
घरी आल्यावर माणूस फोडतोच ना टाहो? रस्त्यावर काय झालं ते डिओन गाते. दार लावून घेतल्यानंतरचं हेज गातो.

एक_कान_इकडे :
कुणीच कार्पेंटर्स या भावाबहिणीच्या जोडीचं नाव घेतलं नाही! 'क्लोज टू यू' १९६३मध्ये रिचर्ड चेंबरलेनने गायलं, नंतर डिओनने, आणि दोन्ही वेळा कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. १९७०मध्ये कॅरन कार्पेंटरने गायलं आणि चार आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. रिचर्ड कार्पेंटरला बकरॅकने एवढंच बजावलं होतं की पहिल्या ब्रिजच्या (मधल्या वेगळ्या चालीच्या तुकड्याच्या) शेवटी पियानोवर पाच-पाच सुरांचे दोन झटपट तुकडे आहेत ते ठेव, बाकी काय करायचं ते कर. ती जागा हेडफोन लावून ऐका. सगळं थांबतं, पियानो दोनदा खुदकन हसतो आणि कॅरन पुन्हा शांतपणे सुरू होते. इथे तरी डिओन पाहुणी आहे.

संथलय :
+१. आणि हर्ब अल्पर्टचं 'धिस गाय्ज इन लव्ह विथ यू' विसरू नका. बकरॅक-डेव्हिड जोडीचं अमेरिकेतलं पहिलं अव्वल क्रमांकाचं गाणं, १९६८. अल्पर्ट ट्रंपेटवाला, गायक म्हणावा असा आवाज नाही. म्हणूनच ते खरं वाटतं. शेवटाकडे सगळी वाद्यं गप्प होतात आणि तो तयारी नसलेल्या माणसासारखा एकटा उरतो. डिओननेही पुढे 'धिस गर्ल' करून गायलं. ते फारच सफाईदार आहे. सफाईने गाणाऱ्याला 'नाही' ऐकायची भीती वाटत असेल, हे पटत नाही.

बासरी_नव्हे_बासून :
माझं मत ल्यूथर वँड्रॉसला. 'अ हाउस इज नॉट अ होम', १९८१, सात मिनिटं. एका सोहळ्यात तो डिओनसमोर हे गायला आणि समोर बसलेल्या डिओनला रडू आवरेना. फ्लूगलहॉर्न, ऐकलं नसेल तर आज ऐकाच.

फ्लूगलहॉर्न :
ऐकलं. दोनदा. शेवटची ओळ विनवणी आहे, आणि तो त्या विनवणीपाशी रेंगाळत राहतो. शब्द फिरवतो, तोडतो, पुन्हा जोडतो. विनवणं थांबवलं तर उत्तर ऐकावं लागेल, म्हणून थांबत नाही. डिओनने १९६४मध्ये ही ओळ गाऊन सोडून दिली होती. मला तीच संयत वाटायची, आता ती थोडी लवकर संपते असं वाटायला लागलंय.

हे गाणं वँड्रॉसचं. 'क्लोज टू यू' कॅरनचं, तेही दिलं. हेज मात्र नाही.

तबकडी :
दिवे मालवून ऐका एकदा. मी थांबतो.