अनुभव धागा: महाभारतावरचा नवा आरपीजी येतोय म्हणे... तुमच्या आशा, धाकधूक आणि जुने चटके

ताम्रपट
परवा रात्री एका चिमुकल्या टीमच्या येऊ घातलेल्या गेमचा ट्रेलर पाहिला. महाभारतावर बेतलेला आरपीजी, म्हणजे एखादं पात्र होऊन त्याच्या निवडी आपण करायच्या असा गेम. नाव मुद्दाम देत नाही, नाहीतर धाग्याची जाहिरात होईल. ज्यांना कळायचं त्यांना कळलंच असेल. रथ, धूळ, शंख आणि शेवटी 'लवकरच येत आहे'. त्या 'लवकरच'वर माझा काडीचा विश्वास नाही, तरी विशलिस्टमध्ये टाकून मोकळा झालो.

आणि एकदम आठवलं. शाळेत असताना मी आणि मामेभाऊ वहीच्या मागच्या पानांवर असलाच गेम बनवायचो. प्रत्येक योद्ध्याला ताकद, चपळाई, बुद्धी असे आकडे. भीमावरून वाद नसायचा, नकुल-सहदेवाला काय द्यायचं यावरून हातघाई. एकदा फासे टाकत टाकत मी कर्णाला पार अर्जुनाच्या पुढे नेऊन ठेवला, तर भाऊ थंडपणे म्हणाला, "चढव किती चढवायचाय तो. चाक रुतणारच आहे." झालं, तो डाव तिथेच बंद.

ट्रेलर बघताना तेच डोक्यात घुमत होतं. आरपीजीत मजा निवडीची, आणि ही गोष्ट तर सगळ्यांना शेवटापर्यंत पाठ. असे गेम खेळला असाल, वाट पाहून कंटाळला असाल, पैसे घालून पस्तावला असाल तर लिहा. अवांतर चालेल.

बटणतोड्या
पहिला!
मीटिंग चालू आहे, नंतर सविस्तर टंकतो.

निशिगंध_३
माझा अनुभव 'राजी'चा. किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसे जमले नाहीत तेव्हा वाटलं, गेला हाही गेम. पण २०२० मध्ये आला, आधी निन्टेन्डोच्या स्विचवर, मग बाकी ठिकाणी. पहाडी लघुचित्रांसारखे रंग, मधेमधे छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट आणि वरून विष्णू आणि दुर्गा आपापसांत गप्पा मारत निवेदन करतायत. त्या गप्पांसाठी मी मुद्दाम रेंगाळायचे. मारामारी मात्र थोड्या वेळाने तीच तीच वाटली, आणि शेवट असा तुटक की मी दोनदा तपासलं, गेम क्रॅश तर नाही ना झाला.
हां, तो आरपीजी नाही, ॲक्शन ॲडव्हेंचर आहे, माहितीये. कुणीतरी येऊन दुरुस्त करण्याआधीच लिहून टाकते.

व्यासोच्छिष्ट
येणारच होतो दुरुस्त करायला :)
त्याच वर्षी गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या इंडी (छोट्या स्वतंत्र टीमच्या) गेम्समध्ये 'राजी'ला नामांकन होतं. स्कँडिनेव्हियन लोककथांवरचा 'रोकी'ही त्याच यादीत. बक्षीस नेलं भुतं शोधण्याच्या 'फॅस्मोफोबिया'ने. देव हरले, भुतं जिंकली.

खारुताई
😂😂 शेवटचं वाक्य

अर्धवट_सेव्ह
ताम्रपट, तुमच्या भावाला साष्टांग. नेमकं बोट ठेवलंय.
पण कर्णाचं एक सांगू? त्याच्याकडे इंद्राने दिलेली शक्ती होती, एकदाच वापरता येणारी. ती त्याने घटोत्कचावर उडवली. कुठलाही आरपीजी खेळणारा असं करेल का? आपण ती शेवटच्या बॉससाठी, म्हणजे सगळ्यात तगड्या शत्रूसाठी, जपली असती, मग शेवटच्या बॉसवरही वापरली नसती आणि क्रेडिट्स वर जाताना पिशवीत पडलेली दिसली असती.

निशिगंध_३
अगदी अगदी! माझ्याकडे प्रत्येक गेमच्या शेवटी पन्नास औषधाच्या बाटल्या उरतात.

झोपाळू अस्वल
माझा जुना चटका. असाच एक पौराणिक आरपीजी, लोकवर्गणीतून बनणार होता. नाव नको. मी उत्साहात वरच्या स्तराचे पैसे भरले, माझं नाव एका शिलालेखावर कोरणार होते म्हणून. सुरुवातीला दर महिन्याला अपडेट. मग कधीमधी. मग अपडेटमध्ये गेमबद्दल काहीच नाही, टी-शर्टची डिझाइनं. मग तेही थांबलं. शिलालेख राहू द्या, दगडसुद्धा बनला नाही.
त्यामुळे आता माझा नियम साधा: डेमो हातात येईपर्यंत खिशाला हात नाही.

गेमाड पंथी
अस्वलभाऊ, सहानुभूती. पण गेम बाहेर पडला म्हणजे सुटलो असंही नाही. 'इनडिव्हिजिबल' आठवा. दक्षिण आणि आग्नेय आशियाच्या पुराणकथांच्या सावलीतला आरपीजी, २०१५ मध्ये इंडीगोगोवर पैसे गोळा केले, २०१९ ला आलाही. हाताने काढलेलं ॲनिमेशन बघत बसावं असं. आणि वर्षभरात स्टुडिओच मोडला. देणगीदारांना कबूल केलेली पाहुणी पात्रं अर्ध्यावर राहिली. नायिकेचं नाव अज्ना होतं. एवढी गोड पोरगी अनाथ झाली.

खारुताई
मला गेममधलं फार कळत नाही, मुलगा खेळतो आणि मी मागून बघते. एकच विचारायचं होतं. देवाला बटणं दाबून नाचवायचं, तो मेला की पुन्हा सुरू करायचं, याचं तुम्हाला काही वाटत नाही का? भांडायला नाही विचारत, खरंच विचारतेय. कपडे वाळत घालून येते, तोवर उत्तरं द्या.

व्यासोच्छिष्ट
खारुताई, हा वाद जुना आहे. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर 'हनुमान: बॉय वॉरियर' आला तेव्हा हाच आक्षेप घेतला गेला होता. पुढे देवादेवांच्या लढाईच्या 'स्माइट' गेममध्ये कालीच्या चित्रणावरूनही गदारोळ झाला.
मला स्वतःला देव खेळायला मिळण्यापेक्षा देव भेटायला मिळणं आवडतं. आणि बघा, चांगल्या गेम्सनी हीच वाट धरलीय. 'राजी'त आपण सर्कशीतली एक साधी मुलगी असतो, देव फक्त शस्त्र देतात. 'हेडीस'मध्ये झ्यूस नसतो आपण, झॅग्रियस असतो, ज्याच्याबद्दल ग्रीक कथांत फार कमी सापडतं, म्हणून लिहिणाऱ्याला मोकळं रान. 'ब्लॅक मिथ: वूकाँग'मध्ये नाव वूकाँगचं, पण आपण खेळतो तो त्याच्या मागून निघालेला दुसराच वानर. ज्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे त्याच्या आत खेळणाऱ्याला बसवायचंच नाही. ताम्रपटांच्या भावाच्या प्रश्नाला हे माझं उत्तर: कर्ण खेळायला देऊच नका.

ताम्रपट
भारी. हे वाचून भावाला लिंक पाठवली. त्याचं उत्तर: "तू अजून तिथेच अडकलायस?"

अर्धवट_सेव्ह
मग कोण द्यायचा? अश्वत्थामा नको, त्याच्यावर आधीच सगळे तुटून पडलेत.

मधली सुट्टी
युयुत्सू!!!
धृतराष्ट्राचाच मुलगा, दासीपुत्र, आणि युद्ध सुरू व्हायच्या तोंडावर उघडपणे पांडवांकडे गेलेला. अख्ख्या कुरुक्षेत्रावर उभं राहून बाजू बदलणारा. निवड निवड म्हणताय ना, ही घ्या निवड. वर तो युद्धातून जिवंत वाचतो आणि पांडव निघून जातात तेव्हा राज्याची काळजी त्याच्यावर सोपवतात. त्याचं पुढे कुणाला काही आठवत नाही, म्हणजे लिहायला जागाच जागा.
किंवा विकर्ण. द्यूतसभेत उभा राहून बोलणारा एकटा कौरव, आणि तरी शेवटी लढला भावांच्याच बाजूने. हे खेळताना हात थरथरतील माझे.
(बस आली, बाय)

निशिगंध_३
युयुत्सू १००%. हा गेम मी आत्ता विकत घेते.

रिकामा न्हावी
मी एका छोट्या स्टुडिओत काम करतो (ट्रेलरवाल्या नव्हे, आधीच सांगतो), म्हणून आतली बाजू. लोकांना वाटतं आरपीजी म्हणजे चित्रं आणि लढाई. खरा खर्च संवादांचा. दहा ठिकाणी दोन-दोन पर्याय द्या आणि प्रत्येकाचा परिणाम वेगळा ठेवा, १०२४ वाटा होतात. पाच-सात माणसं हे लिहूच शकत नाहीत, तपासणं तर दूरच. म्हणून सगळेच फांद्या पुन्हा खोडाला आणून जोडतात, आणि मग खेळणारा म्हणतो, माझ्या निवडीला काही अर्थच नव्हता.
इथे महाभारत उलट मदत करतं. शेवट ठरलेलाच आहे हे खेळणाऱ्याला आधीच मान्य असतं, त्यामुळे खोडाला जोडलेली फांदी फसवणूक वाटत नाही. युद्ध होणारच. त्यात तू कुणाशी कसा वागलास, कुणाला शब्द दिलास, कुणाचा मोडलास, एवढंच तुझ्या हातात. छोट्या टीमला याहून चांगलं कथानक मिळणार नाही.
माझी शंका वेगळी. ट्रेलरमध्ये त्यांनी मोकळं जग दाखवलंय, वाट्टेल तिकडे भटकता येईल असं. तिथे माझ्या पोटात गोळा आला. एवढ्याशा टीमने मोकळं जग बनवू नये. एक नगर, एक छावणी, एक अरण्य करा आणि नीट करा.

गेमाड पंथी
न्हावीदादा, हे खोडाचं पटलं. कर्णाची शक्ती, परशुरामाचा शाप, रथाच्या चाकाचा शाप, सगळ्या अटी आधीच लिहून ठेवल्यात. शाप म्हणजे लपलेला डीबफ (पात्राला कमजोर करणारा परिणाम), ऐनवेळी चालू होणारा.
आणि नारायणास्त्र! त्यावर उपाय एकच, शस्त्र खाली ठेवायचं. जितका प्रतिकार कराल तितकं ते वाढतं. कल्पना करा, बॉस फाइट चालू आहे आणि जिंकायला कंट्रोलर टेबलावर ठेवून द्यायचा. मी तर तिथे पन्नासदा मरेन, कारण बोट ऐकणारच नाही.

खारुताई
आले परत. वाचलं सगळं. कंट्रोलर खाली ठेवायला लावणारा गेम असेल तर आमच्या घरी आजच आणा.

बटणतोड्या
मीटिंग संपली. चर्चा कुठल्या कुठे गेली, माझं जरा सोपं आहे.
मला भीती मराठी-हिंदी अक्षरांची. 'भाषा उपलब्ध' असं लिहितात आणि उघडलं की ऱ्हस्व इकार अक्षराच्या चुकीच्या बाजूला, जोडाक्षरं फुटलेली, हलन्त लोंबकळतायत. युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमधल्या नेहमीच्या टेक्स्ट सुविधेला देवनागरी जुळणी नीट जमत नाही, वेगळी सोय करावी लागते. एका गेममध्ये 'शक्ती' अशी काही फुटली होती की मी ती वापरलीच नाही, लाज वाटली.

रिकामा न्हावी
बटणतोड्या, वर्मावर बोट. सगळ्यात शेवटी ज्याला वेळ मिळतो ते हेच.

झोपाळू अस्वल
कुणी 'फायनल फँटसी' खेळलाय का? त्यात शिवा नावाची बर्फाची बाई येते, गारठवून जाते. लहानपणी मी बराच काळ समजत होतो की छापताना चूक झालीय. त्यामानाने आपल्या टीमने काहीही केलं तरी अभ्यास जास्तच निघेल.

व्यासोच्छिष्ट
हाहा. 'शिन मेगामी टेन्सेई'त तर विष्णू आणि शिव आपल्या टोळीत भरती करता येतात. खारुताई, हे वाचू नका.

खारुताई
वाचलं.

दुपारची_झोप
सगळं वाचलं नाही. माझा लॅपटॉप जुना आहे, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. चालेल का हा गेम? आणि पंखा फार आवाज करतो, काय करावं?

रिकामा न्हावी
@दुपारची_झोप गेमच अजून आला नाही हो. डेमो आला की लावून बघा. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानातून विकत घेतलात तरी १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मागता येतात. पंख्यासाठी आधी धूळ काढा.

मधली सुट्टी
घरी पोचले. धाकधूक लिहायची राहिली: मला 'अर्ली ॲक्सेस' नको, म्हणजे अर्धवट गेम आधीच विकायला काढणं. 'हेडीस'ला ते साधलं, २०१८ च्या डिसेंबरपासून जवळपास दोन वर्षं लोकांसमोर घडत गेला, पण तिथे मरून पुन्हा सुरुवात करणं हीच गोष्ट होती, अर्धवट असला तरी चालायचा. युद्धाच्या अठरा दिवसांतले सहाच दिवस खेळायला दिले तर मी भीष्मांसारखी वाट बघत पडून राहू का?

अर्धवट_सेव्ह
उत्तरायण लागलं की पॅच येईल.

दुपारची_झोप
धूळ काढली. आता एक स्क्रू जास्त उरलाय.