मदत हवी आहे: 'सामना' सिनेमाची नीट आवाजाची प्रत कुठं मिळेल?

नमस्कार मंडळी. लातूरजवळच्या गावातून लिहितोय. जब्बार पटेलांचा 'सामना' अण्णांसोबत परत बघायचाय. त्यांनी तो तंबूत पाहिलेला, मी पुढं टीव्हीवर. शाळेत असताना मला फक्त निळू फुल्यांचा हिंदुराव, म्हणजे गावावर सत्ता गाजवणारा साखर कारखान्याचा पुढारी, दिसायचा. काय तो रुबाब! आता आमच्याच भागातलं कारखान्याचं राजकारण जवळून बघितल्यावर नजर सारखी डॉ. लागूंच्या मास्तरावर जाते. दारूत बुडालेला माणूस, पण 'मारुती कांबळेचं काय झालं?' एवढंच विचारत राहतो आणि सगळा डोलारा हलवतो. हिंदुरावही मला आता निव्वळ खलनायक वाटत नाही, हे जरा अवघडच आहे.

१९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला हा सिनेमा, आणि मोबाईलवर सापडलेल्या प्रतीत नुसती खरखर. अण्णांना ऐकू कमी येतं, निम्मे संवाद वाया जातात.

अधिकृत, स्वच्छ आवाजाची प्रत कुठं आहे का? पैसे भरायची तयारी आहे. खाली मराठीत संवाद येत असतील तर फारच बरं.

आणखी एक, गावच्या सत्तेवरचे असे जुने सिनेमे सुचवा. 'सिंहासन' झालाय. तमाशापट नकोत, ते अण्णांना तोंडपाठ आहेत.