इन्स्टाग्रामचं टोकन क्रॉनशिवाय रिफ्रेश कसं करता?

राजेहो, जरा मदत हवी आहे. नागपूरच्या इतवारीतल्या एका साडीवाल्यांची वेबसाइट पीएचपीत केली आहे. दुकानाच्या इन्स्टाग्रामवरचे फोटो होमपेजवर आपोआप दिसावेत, एवढंच त्यांचं म्हणणं. जुनी बेसिक डिस्प्ले एपीआय (इन्स्टाग्रामवरचे फोटो वेबसाइटला पुरवणारी सोय) ४ डिसेंबर २०२४ ला बंद झाली, म्हणून खातं बिझनेस करून नव्या एपीआयला जोडलं. फोटो झकास येतात. पण लाँग-लिव्ह्ड टोकन, म्हणजे फोटो आणायची परवानगी देणारी डिजिटल किल्ली, ६० दिवसच चालतं, अन् या स्वस्तातल्या होस्टिंगवर क्रॉनची, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप काम चालवायची, सोयच नाही. शेठजी दुसऱ्या होस्टिंगचे पैसे देणार नाहीत, हे लिहून घ्या! कोणी पेज उघडलं की टोकनचं वय तपासून तिथेच रिफ्रेश केलं, म्हणजे मुदत वाढवून घेतली, तर चालेल का? एकाच वेळी दोघांनी उघडलं तर घोळ होईल? अन् टोकन डेटाबेसमध्ये ठेवता की फाइलीत? कोणी केलं असेल तर सांगा भाऊ.