बॉस्फरसमधे पाणी नक्की कुठल्या दिशेला वाहतं?

कुतूहल७७

नमस्कार मंडळी. गेले काही दिवस इस्तंबूलचे व्हिडिओ बघायचा सपाटा लावलाय. त्यातल्या एकात फेरीबोटीवरचा माणूस सांगत होता की बॉस्फरसमधे, म्हणजे शहराच्या मधून जाणाऱ्या सामुद्रधुनीत, वरचं पाणी काळ्या समुद्राकडून मार्मारा समुद्राकडे जातं आणि खालचं पाणी बरोब्बर उलटं, मार्माराकडून काळ्या समुद्राकडे, तेही एकाच पात्रात एकाच वेळी! मला काही ते पटेना. दोन्ही पाणी मिसळून एक होणार नाही का? आणि ही सामुद्रधुनी आहे तर नदीसारखी वाहते कशी काय? शिवाय नावाचा गाय-बैलांशी संबंध आहे असंही ऐकलं, ती गोष्ट काय आहे? ज्यांना माहिती आहे त्यांनी हात आखडता न घेता लिहा.

अश्विनी_भू

फेरीबोटीवरच्या माणसाने सांगितलं ते अगदी खरं आहे. आधी आकार लक्षात घ्या. लांबी साधारण ३० किमी, सगळ्यात अरुंद जागी रुंदी जेमतेम ७०० मीटर, आणि खोली काही ठिकाणी १०० मीटरच्या पुढे. म्हणजे नकाशात नदी वाटते पण आतून चांगलीच खोल घळ आहे.

आता काळ्या समुद्राला डॅन्यूब, नीपर, नीस्टर, डॉन अशा मोठमोठ्या नद्यांचं पाणी मिळतं, त्यात पाऊस, आणि बाष्पीभवन मात्र त्या मानाने कमी. त्यामुळे तिकडची पातळी थोडी वर राहते, सरासरी फूटभर म्हणा, आणि जास्तीचं पाणी उतारावरून दक्षिणेला येतं. भूमध्य समुद्राचं उलटं, तिथे वाफ होऊन जाणारं पाणी जास्त, म्हणून तो खारट. लिटरमागे मीठ धरलं तर काळ्या समुद्राचं वरचं पाणी १७-१८ ग्रॅम आणि भूमध्याचं ३८ च्या आसपास. भूमध्याकडून मार्मारात आलेलं हे खारं पाणी जड, ते तळाशी बसतं आणि तळातूनच उत्तरेला सरकतं. थोडंफार मिसळतंच, पण वजनातला फरक एवढा आहे की दोन थर आपापल्या वाटेने जात राहतात.

हे सिद्ध कसं झालं ते मला फार आवडतं. १६७९ मधे बोलोन्याचा लुइजी फर्दिनांदो मार्सिली नावाचा २१ वर्षांचा मुलगा तिथे आला. खालून उलटी ओढ आहे हे तिथल्या कोळ्यांना माहीतच होतं, सहाव्या शतकातल्या प्रोकोपियस या इतिहासकारानेही कोळ्यांचं हेच म्हणणं लिहून ठेवलंय. मार्सिलीने काय केलं, तर एका दोराला वजन बांधलं, ठरावीक अंतरावर पांढऱ्या रंगाने रंगवलेली बुचं लावली आणि दोर होडीतून खाली सोडला. वरची बुचं दक्षिणेला ओढली गेली, खालची उत्तरेला! पांढरा रंग कशाला, तर खोलवरची बुचं वरून दिसावीत म्हणून. एवढ्यावर न थांबता त्याने एक पेटी घेऊन मधे पडदा घातला, एका बाजूला खारं पाणी आणि दुसऱ्या बाजूला त्याहून गोडं, पडद्याला वर आणि खाली भोक. भोकं उघडल्यावर खालच्या भोकातून जड पाणी एकीकडे आणि वरच्यातून हलकं दुसरीकडे वाहायला लागलं. १६८१ मधे त्याने हे छापलं, स्वीडनच्या राणी क्रिस्तिनाला उद्देशून लिहिलेल्या पत्राच्या रूपात. कोळ्यांचं ऐकून घेतलं आणि मग मोजून बघितलं, मला तर या माणसाबद्दल प्रचंड आदर आहे.

जुनीपोथी

गोष्टींचं मी सांगते. ग्रीक पुराणात इयो नावाच्या मुलीवर देवांचा राजा झ्यूसचा जीव जडला, आणि त्याची बायको हेराला कळू नये म्हणून त्याने तिला गाय करून टाकलं. हेराला कळलंच. तिने गायीच्या मागे एक गोमाशी लावून दिली, आणि ती बिचारी चावे सोसत देशोदेशी धावत सुटली. धावता धावता तिने हे पाणी पार केलं, म्हणून हे नाव, ग्रीकमधे बूस म्हणजे गाय किंवा बैल आणि पोरोस म्हणजे पार जायची जागा. नदीला उतार सापडला असं आपण म्हणतो ना, तसा हा गायउतार.

दुसरी गोष्ट उत्तरेच्या तोंडाची. तिथे दोन खडक होते म्हणे, मधून काहीही जायला लागलं की एकमेकांवर आपटायचे. ग्रीक कथेतला वीर जेसन आणि त्याचे सोबती आर्गो जहाजातून निघाले तेव्हा फिनियस नावाच्या आंधळ्या भविष्यवेत्त्याने सांगितलं, आधी कबूतर सोडा. कबूतर निसटलं, फक्त शेपटीची पिसं गेली, मग खडक मागे सरताना यांनी जीव खाऊन वल्ही मारली आणि जहाजाच्या मागच्या टोकाची शोभा तेवढी चेचली गेली. त्यानंतर ते खडक कायमचे थांबले. रुमेलीफेनेरी गावाजवळ आजही एक खडक आहे त्यालाच लोक त्या जोडीतला समजतात.

पण मला सगळ्यात जवळची गोष्ट आंधळ्यांच्या गावाची आहे, कारण ती अश्विनीताईंच्या प्रवाहाशी थेट जोडलेली आहे. ग्रीक लोकांनी आशियाच्या बाजूला आधी खाल्केदोन वसवलं, आजचं कादिक्यॉय. नंतर बिझास नावाच्या ग्रीक पुढाऱ्याला देववाणी झाली की आंधळ्यांच्या समोर गाव वसव, आणि त्याने समोरच्या किनाऱ्यावर बिझांशन, म्हणजे पुढचं कॉन्स्टँटिनोपल आणि आजचं इस्तंबूल, वसवलं. आंधळे कोण, तर एवढी चांगली जागा समोर असून ती न दिसलेले खाल्केदोनचे लोक. आता जागा चांगली का? इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या पोलिबियस या ग्रीक इतिहासकाराने हे सविस्तर लिहिलंय. प्रवाह एका टोकावर आदळून समोरच्या किनाऱ्याला जातो, तिथून परत इकडे, असा ठेचकाळत ठेचकाळत शेवटी बिझांशनच्या बंदराशी येतो. तिकडे नाव आपसूक लागते, खाल्केदोनला जायचं तर हातपाय मारावे लागतात. आणि माशांचंही तसंच, काळ्या समुद्रातून उतरणारे बोनिटोचे थवे ओढीबरोबर त्या शिंगासारख्या खाडीत, म्हणजे गोल्डन हॉर्नमधे, शिरायचे, असं स्त्राबो या प्राचीन भूगोलकाराने लिहिलंय. एका गावाला मासे आणि जहाजं आयती, समोरच्याला नाही.

बंदरकाठ

छान माहिती. माझ्याकडून थोडी भर, पाण्यात उभा असलेला तो बुरूज, मेडन्स टॉवर, त्याला लिएंडरचा बुरूज पण म्हणतात. हिरो नावाच्या मुलीला भेटायला लिएंडर रोज रात्री पोहत जायचा आणि वादळात दिवा विझून बुडाला, ती जागा तीच ना?

जुनीपोथी

नाही हो, नाव चिकटलं खरं पण ती गोष्ट दार्दानेल्सची, म्हणजे मार्माराच्या पलीकडच्या टोकाच्या सामुद्रधुनीची आहे, सेस्तोस आणि अबिदोस या गावांच्या मधली. या बुरुजाची तुर्की गोष्ट वेगळी. राजकन्या १८ वर्षांची व्हायच्या आत सापाने मरेल असं भाकीत झालं म्हणून बापाने तिला पाण्यात बुरूज बांधून ठेवलं, आणि वाढदिवसाला त्याने स्वतःच्या हाताने आणलेल्या फळांच्या टोपलीतून साप गेला. ही वाचताना मला दर वेळी परीक्षित आणि तक्षक आठवतो, खांबाच्या महालात बसलेला राजा आणि फळातून निघालेली अळी.

तिसरामेट

मी मर्चंट नेव्हीत आहे, या वाटेने चार वेळा गेलोय, म्हणून जहाजावरून काय दिसतं ते लिहितो. ३० किमीमधे किमान १२ वेळा दिशा बदलावी लागते. कांदिली इथे ४५ अंशांचं वळण आहे आणि येनिक्यॉयला जवळजवळ ८०, आणि वळणापलीकडून येणारं जहाज दिसत नाही, तिथे प्रवाह सात-आठ नॉटपर्यंत (ताशी १३ ते १५ किमी) जाऊ शकतो. उत्तरेकडून दक्षिणेला येताना पाणी मागून ढकलतं, त्यामुळे सुकाणू हवं तेवढं ऐकत नाही, हे सगळ्यात अवघड. ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या खोलीत, चिडीचूप शांतता असते, फक्त वाट दाखवणाऱ्या पायलटचे हुकूम आणि सुकाणूवरच्या हेल्म्समनने ते परत म्हणणं. आणि दोन्ही बाजूंना लाकडी वाडे एवढे जवळ की गच्चीत चहा पिणारे लोक दिसतात. पहिल्या खेपेला एका बाईने गच्चीतून हात केला तर मी ड्यूटीवर असल्यामुळे उलटा हात पण करू शकलो नाही, ते अजून मनात आहे.

भीती उगाच नाही. १५ नोव्हेंबर १९७९ ला इंडिपेंडेंटा हा रुमानियाचा टँकर दक्षिणेच्या तोंडाशी एका ग्रीक मालवाहू जहाजाला धडकला, ४३ माणसं गेली आणि आग कित्येक दिवस धुमसत होती. मागे एवढी वस्ती असलेल्या शहराच्या अगदी दारात.

इतिहासातलं एकच सांगतो. सगळ्यात अरुंद जागी रुमेली हिसारी किल्ला आहे, ऑटोमन सुलतान मेहमदने १४५२ मधे चारेक महिन्यांत उभा केला, समोरच्या काठावर त्याच्या पणज्याचा, बायझीदचा, किल्ला आधीपासून होताच. याचं जुनं नाव बोआझकेसेन. तुर्कीत बोआझ म्हणजे घसा आणि सामुद्रधुनी पण, म्हणजे गळा कापणारा. त्याच वर्षी न थांबणारं एक व्हेनिसचं जहाज तोफेने बुडवलं, आणि पुढच्या वर्षी कॉन्स्टँटिनोपल पडलं. खालून बघताना त्या बुरुजांची जागा बघूनच कळतं, इथून काहीच निसटणार नाही.

कुतूहल७७

अरे वा, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे मनापासून आभार. एकच शेवटचं, हा प्रवाह काठावर उभं राहून साध्या माणसाला दिसतो का? आणि कधी उलटा होतो का?

तिसरामेट

दिसतो की. आर्नावुतक्यॉयजवळ आकिंतीबुर्नू नावाचं टोक आहे, नावाचा अर्थच प्रवाहाचं टोक. तिथे कठड्याला टेकून पाच मिनिटं पाण्याकडे बघत बसायचं, वर तरंगणारी काटकी किंवा बाटली माणूस धावेल तशी दक्षिणेला पळते. आणि हो, लोदोस म्हणजे दक्षिणेचा जोराचा वारा लागोपाठ वाहिला की मार्माराचं पाणी वर रेटलं जातं आणि वरचा प्रवाह पण मंदावतो, कधीकधी चक्क उलटतो. तिथले लोक त्याला ओर्कोझ म्हणतात. एरवी मात्र त्या टोकापाशी वल्ह्याच्या होड्यांचं काहीच चालायचं नाही, पूर्वी काठावरची माणसं दोर खांद्यावर घेऊन होडी ओढत टोक पार करून द्यायची.