डॅन ब्राऊन आणि जेफ्री आर्चर: आधी काय वाचावं?

गोदाकाठ: सावानातून (नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयातून) दोन प्रकारची पुस्तकं आणायची आहेत: चर्चभोवतीची रहस्यकथा आणि स्थलांतरितांची कुटुंबगाथा. क्रम सुचवा. ब्राऊनमधला धार्मिक इतिहास कितपत खरा?

पंचवटीकर: 'एंजल्स अँड डीमन्स' (२०००) आधी, मग 'द दा विंची कोड' (२००३). चित्रपट उलट क्रमाने आले, म्हणून घोळ होतो. 'कोड'च्या सुरुवातीला प्रायरी ऑफ सायन ही गुप्त संघटना १०९९ पासूनची असल्याचं चक्क 'तथ्य' म्हणून छापलंय. प्रत्यक्षात ती संस्था १९५६ मध्ये फ्रान्समध्ये नोंदवली गेली आणि प्राचीनत्वाची कागदपत्रं बनावट निघाली. ते पान इतिहास समजू नका, बाकी वेग अफलातून! प्रकरणं छोटी, प्रत्येकाच्या शेवटी गाठ. मात्र दोन्ही लागोपाठ वाचू नका, साचा उघडा पडतो: सुरुवातीलाच खून, जोडीला हुशार तरुणी, विश्वासातलाच माणूस दगा देणारा.

जुनंनाशिक: गाथेसाठी आर्चरची 'केन अँड एबल' (१९७९). दोघे नायक एकाच दिवशी, १८ एप्रिल १९०६ ला जन्मतात. एक बोस्टनच्या बँकवाल्या घराण्यात, दुसरा पोलंडच्या रानात. बॅरनकडून (तिथल्या उमरावाकडून) मिळालेलं चांदीचं कडं या पोरक्या व्लादेकच्या हातात असतं आणि त्यावरचंच नाव तो अमेरिकेत लावतो. त्या एका कड्यात अख्खं स्थलांतर आलंय. 'द प्रॉडिगल डॉटर' (१९८२) त्यानंतरच घ्या. तिच्या पूर्वार्धात तेच प्रसंग व्लादेकच्या मुलीच्या बाजूने येतात, आधी वाचलीत तर पहिलीतला ताण संपतो.

गोदाकाठ: मग 'केन अँड एबल'च आधी. आभार!